कुंभारीची घरे आणि शहर मध्यची मते

१९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापूरला आले आणि कुंभारीच्या माळावरच्या रे नगर वसाहतीतली पहिली १५ हजार घरे कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे अशा माणसांसाठी ठरलेल्या ३० हजार घरांपैकी ही निम्मी. लहानपणी आपल्यालाही असे घर मिळाले असते तर, असे म्हणताना पंतप्रधानांचा आवाज दाटून आला, ते दृश्य देशभर दिसले. ही वसाहत ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून उभी केली ते नरसय्या आडम मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. सोलापूरकर त्यांना आडम मास्तर म्हणतात. दहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मास्तर सोलापूर शहर मध्यमधून विधानसभेला उभे राहिले. २०१९ मध्ये याच मतदारसंघात त्यांना साडेदहा हजारांच्या आसपास मते मिळाली होती. या वेळी त्याहूनही कमी मिळाली.

राजकीय पक्षाचा आपल्याच माणसांवरचा हात का सुटतो, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात सोलापूरइतकी चांगली जागा नाही. इथे लाल बावट्याची गर्दी आजही पूनम गेटला जमते. जिल्हाधिकारी कचेरीसमोर बायका उन्हात तासन्‌तास बसतात, घोषणा देतात, पोलिसांच्या गाडीतही चढतात. मात्र मतदानाच्या दिवशी त्यांचे बोट दुसऱ्याच चिन्हावर जाते, किंवा त्या घरातून निघतच नाहीत. काँग्रेसचेही असेच झाले आहे, फक्त तिची कारणे थोडी वेगळी आहेत.

याची तयार उत्तरे चौकाचौकात मिळतात. लोक कृतघ्न झाले. पैसे वाटले गेले. धर्मावर निवडणूक गेली. पैसा आणि धर्म दोन्ही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मतदाराला दोष देऊन थांबले की पक्षाला स्वतःकडे बघावे लागत नाही, आणि हे तिन्ही खुलासे त्यामुळेच इतके लोकप्रिय आहेत. शिवाय हे शहर मुळात उदासीन नाही. मे १९३० मध्ये इथल्या लोकांनी इंग्रजांचा अंमल इतका हलवला की सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या शहराला राजकारणाचे वावडे आहे असे कोण म्हणेल?

मग काय बदलले? माझ्या मते सगळ्यात आधी बदलली ती पक्ष आणि मतदार यांच्या रोजच्या भेटीची जागा.

सोलापुरातली जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचे, जेवायचे, झोपायचे. पाळी सुटली की हजारो माणसे एकाच दरवाजातून बाहेर पडत, आणि युनियनच्या कार्यकर्त्याला आणखी काही करावे लागत नसे, दरवाजात उभे राहिले की पुरे. तिथे पत्रक वाटले जायचे, भांडण मिटायचे, कोण आजारी आहे ते कळायचे. निवडणूक आली म्हणून मतदाराला वेगळे गाठावे लागत नसे. कार्यकर्ता त्याला आधीपासून नावाने ओळखायचा. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि ही जागा गेली. चिमण्या काही काळ उभ्या राहिल्या. दरवाजाला कुलूप लागले.

काम संपले नाही, ते विखुरले. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घराघरांत, बोळाबोळांत यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेल यांनी शहराचे नाव जगभर नेले. एका कारखान्यात दहा-वीस कामगार, काही ठिकाणी त्याहूनही कमी. मालकही त्याच पेठेतला, त्याच भाषेचा, कधी नात्यातलाच. अशा ठिकाणी संप करणे म्हणजे काकाशी भांडण काढणे. विडीचे तर त्याहून पुढचे. बाई सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणते, दिवसभर उंबऱ्यावर बसून विड्या वळते, संध्याकाळी मोजून देते, मजुरी हजारी ठरलेली. तिची कामाची जागा तिचे घर आहे आणि तिथे पक्षाचा माणूस रोज पोहोचू शकत नाही. लाल बावट्याच्या संघटनेने या बायकांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी यांसाठी एकत्र आणले ही मोठी कामगिरी होती आणि ती अजून चालू आहे. पण एकत्र येणे आता रोजचे राहिले नाही, ते प्रसंगाचे झाले. मोर्चा असला की येणे, अर्ज भरायचा असला की येणे.

आणि इथूनच घरांची गोष्ट सुरू होते.

आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा सोलापूर शहर दक्षिणमधून आमदार झाले. विडी कामगार बायकांच्या घरांचा प्रश्न त्यांनी धसास लावला. कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. वारली आदिवासींना उभे करणाऱ्या गोदूताईंचे नाव विडी कामगारांच्या वस्तीला मिळावे, ही गोष्ट मला आजही मनापासून आवडते. त्यानंतर त्याच माळावर रे नगर. एका छोट्या पक्षाने एका शहरात इतक्या माणसांच्या डोक्यावर छप्पर आणल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात मला दिसत नाही.

एवढे करून मते का आली नाहीत? पहिले कारण अगदी कोरडे आहे, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव आहे, महापालिकेच्या हद्दीबाहेरचे. मास्तर लढले ते शहर मध्यमधून. म्हणजे पक्षाला सगळ्यात जवळचा असलेला मतदार घर मिळताच मतदारसंघातून बाहेर राहायला गेला. ज्यांनी नाव तिकडे नोंदवले त्यांना मास्तरांना मत देताच आले नाही. ज्यांनी नोंदवले नाही त्यांना मतदानासाठी शहरातल्या जुन्या केंद्रावर यावे लागले, त्या दिवसाची मजुरी बुडवून, रिक्षाचे भाडे घालून. पक्षाने आपल्या यशाने आपलीच मतपेढी विस्कटली. यात कुणाची चूक नाही. जमीन जिथे स्वस्त तिथेच कामगारांची वसाहत होणार. पण या गोष्टीचा हिशेब निवडणुकीच्या तयारीत धरायला हवा होता.

दुसरे कारण श्रेयाचे. रे नगरच्या घरात प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख आणि उरलेली रक्कम स्वतः कामगाराची, कर्ज काढून, हप्ते भरून. जानेवारी २०१९ मध्ये भूमिपूजनाला मोदी आले, २०२४ मध्ये किल्ल्या द्यायलाही तेच आले. भूमिपूजनाच्या वेळी आडम यांनी व्यासपीठावरून मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची स्तुती केली म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पक्षाची शिस्त मला समजते. पण कुंभारीतल्या बाईला त्यातून काय कळले असेल? घर मिळवून देणारा माणूस सरकारला धन्यवाद देतो, आणि त्याचा पक्ष त्यासाठी त्याला शिक्षा करतो. मग घर कुणाचे? तिने शेवटी बरोबर तेच ठरवले: हप्ते मी भरते, घर माझे. ती कुणाचीच ऋणी उरली नाही, आणि ते योग्यच आहे. झालेल्या कामाची परतफेड म्हणून मत मागणारा पक्ष मतदाराला देणेकरी समजतो. आणि देणे मागणारा दिसला की माणूस रस्ता बदलतो.

याच्या शेजारी लाडकी बहीण योजना ठेवून पाहा. जुलै २०२४ पासून महिना दीड हजार रुपये थेट खात्यात, निवडणुकीच्या तोंडावर. घराच्या तुलनेत रक्कम किरकोळ. पण ती कुणी दिली याबद्दल संशय नव्हता, आणि पुढच्या महिन्यात ती येणार की नाही हे निकालावर ठरणार असे बाईला वाटत होते. घर मिळून चुकले होते. मिळून चुकलेली वस्तू माणसाला मतदान केंद्रावर नेत नाही. मिळायची असलेली नेते, किंवा जाण्याची भीती असलेली नेते.

तिसरे कारण मतदारसंघाचे. २००८ च्या पुनर्रचनेत शहर मध्य तयार झाला. २००९ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे जिंकल्या, मास्तर दुसऱ्या क्रमांकावर होते, ३४ हजारांच्या घरात मते घेऊन. तेव्हा लाल बावट्याला मत म्हणजे जिंकण्याच्या शर्यतीतले मत होते. २०१४ मध्ये एमआयएमचा उमेदवार दुसरा आला, २०१९ मध्येही एमआयएमच दुसरा. त्या वर्षी प्रणिती यांना ५१ हजारांवर आणि एमआयएमच्या फारुक शाब्दी यांना ३८ हजारांवर मते पडली. एकदा पक्ष दुसऱ्या क्रमांकावरून घसरला की त्याच्यावर प्रेम करणारा मतदारही मत 'वाया' घालवायला कचरतो. मुस्लिम मतदार एका बाजूला, त्याला उत्तर म्हणून हिंदू मतदार दुसऱ्या बाजूला, असे ध्रुवीकरण २०२४ मध्ये पूर्ण झाले. भाजपचे देवेंद्र कोठे एक लाखाच्या वर मते घेऊन निवडून आले, शाब्दी दुसरे. अशा लढतीत यंत्रमाग कामगाराच्या मजुरीचा प्रश्न कानावर पडायलाही जागा उरत नाही. एकाच बोळात राहणारे, एकाच मजुरीवर काम करणारे दोन शेजारी दोन वेगळ्या भीतींनी दोन वेगळ्या रांगांत उभे राहिले. सोलापूरच्या कामगार चळवळीला याहून मोठा पराभव कोणता?

पूर्व भागाची आणखी एक व्यथा आहे, ती फारशी लिहिली जात नाही. १९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसचे गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ मध्ये काँग्रेसचेच धर्मण्णा सादूल, १९९६ मध्ये भाजपचे लिंगराज वल्याळ असे तेलुगू भाषक खासदार सोलापूरने सलग दिले. २००९ पासून लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. आरक्षण न्याय्यच आहे. पण ज्या समाजाचा माणूस दिल्लीला जायचा त्याच्यासाठी पक्षांनी दुसरी जागा शोधायला हवी होती, ती शोधली नाही. या रिकाम्या जागेत जून २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव शेकडो गाड्यांचा ताफा घेऊन सोलापूर-पंढरपूरला आले. काही दिवस शहरात दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांची सत्ता तेलंगणात गेली आणि त्यांचा पक्ष इथून धूर विरावा तसा विरला. गाड्या मोजून मतदार मोजता येत नाहीत.

आता काँग्रेसकडे वळू. सोलापूर हा सुशीलकुमार शिंदे यांचा गड. २०१४ च्या लोकसभेला तो पडला, २०१९ मध्ये दीड लाखावर मतांनी पडला. त्या वेळी प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली होती, म्हणून मतविभागणीचा खुलासा सोपा होता. ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले आणि प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांना ७४ हजारांवर मतांनी हरवले. काँग्रेसचा मतदार जागा झाला, असे सगळ्यांनी लिहिले. सहा महिन्यांत काय झाले ते बघा. ज्या शहर मध्यमध्ये प्रणिती तीनदा आमदार होत्या तिथे काँग्रेसचे चेतन नरोटे १६ हजारांच्या आसपास मते घेऊन तिसरे आले. माकपने ही जागा महाविकास आघाडीत मागितली होती, काँग्रेसने दिली नाही, मास्तरही उभे राहिले आणि दोघे मिळूनही शर्यतीत नव्हते. दक्षिण सोलापुरात तर मतदाराने काय करायचे हे पक्षालाच ठरवता आले नाही. काँग्रेसच्या यादीत दिलीप माने यांचे नाव आले, पण त्यांना एबी फॉर्म मिळाला नाही. जागा आघाडीत उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या अमर पाटील यांच्याकडे गेली, चिन्ह मशाल. आणि मतदानाच्या दिवशीच सुशीलकुमार आणि प्रणिती या शिंदे पिता-कन्येने अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. सकाळी मशालीला मत देऊन आलेल्या काँग्रेसच्या माणसाने दुपारी ही बातमी ऐकून काय समजावे? भाजपचे सुभाष देशमुख मोठ्या फरकाने जिंकले.

लोकसभेला मतदार उत्साहाने आला कारण त्याला काय थांबवायचे आहे ते ठाऊक होते. संविधान, शेतमालाचे भाव, मराठा आरक्षण अशी त्याच्याकडे स्वतःची कारणे होती आणि उमेदवार एकच होता. विधानसभेला पक्षाने त्याला कारण दिले नाही, उलट तीन-तीन उमेदवार दिले. मतदार तोच होता, गोंधळ वरच्यांचा होता.

याच जिल्ह्यात याचे उलट उदाहरणही आहे. सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. शेकाप राज्यभर आटत गेला, सांगोल्यात टिकला. २०१९ मध्ये गणपतराव, म्हणजे आबासाहेब, थांबले, नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जुलै २०२१ मध्ये आबासाहेब गेले. सगळ्यांनी धरले की आता संपले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख तिरंगी लढतीत निवडून आले, शेकापचे विधानसभेतले एकमेव आमदार म्हणून. घराण्याची पुण्याई त्यात नक्कीच आहे. पण तेवढेच असते तर २०१९ लाही पुरले असते. सांगोल्यात पक्षाच्या सूतगिरण्या आहेत, पाण्याच्या लढ्याची पन्नास वर्षांची सलग आठवण आहे, गावोगाव माणूस आहे जो लग्नालाही येतो आणि दशक्रियेलाही. आणि ७६८ हा आकडा पाच वर्षे प्रत्येक कार्यकर्त्याला टोचत राहिला. आपले एक मत कमी पडले, हे त्या तालुक्यातल्या माणसाला शब्दशः खरे वाटले. शहर मध्यमधल्या लाल बावट्याच्या मतदाराला तसे वाटण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

जिल्ह्याच्या ११ जागांचा निकाल एकत्र पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर महायुतीची लाट होती. तरी सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, माढा, मोहोळ, करमाळा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे, बार्शी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे आणि सांगोला शेकापकडे गेले. भाजपला पाच मिळाल्या: शहरातल्या तिन्ही, शिवाय अक्कलकोट आणि पंढरपूर. म्हणजे विरोधी मतदार मेला नव्हता. जिथे कारखाना, सोसायटी, दूध डेअरी अशी रोजच्या भेटीची जागा शिल्लक होती तिथे तो बाहेर पडला. सोलापूर शहरात ती जागा विरोधकांकडे राहिली नाही, आणि भाजपने मात्र मंडळे, मंदिरे, बूथवरच्या याद्या आणि योजनांचे अर्ज यांतून ती नव्याने तयार केली. हे काम त्यांनी वीस वर्षे केले आहे. त्यांच्या विचारांशी मतभेद असणाऱ्याने या मेहनतीकडे डोळेझाक करू नये.

गर्दी आणि मत यांतले हे अंतर सोलापूरपुरते नाही. पश्चिम बंगालमध्ये ३४ वर्षे सत्ता भोगलेल्या डाव्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये कोलकात्याचे ब्रिगेड मैदान भरून दाखवले आणि मे महिन्यात त्यांना विधानसभेची एकही जागा मिळाली नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने २०१९ मध्ये खाणकामगारांच्या पिढीजात जागा गमावल्या, खाणी बंद पडून कित्येक वर्षे झाल्यावर. उलट मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो जिंकता आला नाही, तरी १९८४ च्या काँग्रेस लाटेत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत लोकसभेवर गेले. कामगारांचा तो राग दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याजोगा नव्हता, डॉक्टरांचाच होता.

सोलापूरकडे असा राग आहे, आणि त्याला मालक नाही. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून शहराला वर्षानुवर्षे रोज पाणी मिळत नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार यावर बायकांची झोप, मजुरी, मुलांची शाळा ठरते. दर निवडणुकीत जवळजवळ सगळ्या पक्षांनी हा प्रश्न घेतला आणि निकालानंतर सोडला. ज्या प्रश्नावर सगळेच बोलतात आणि कुणीच टिकत नाही, तो प्रश्न मतदाराला मतदान केंद्राकडे नेत नाही, तिथून परतवतो. शिकलेली मुले पुण्याला आणि हैदराबादला जातात. त्यांची नावे इथल्या यादीत, माणसे तिकडे. त्यांच्या आई-वडिलांना कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता विचारायला गेला आहे?

डाव्या आणि काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या मोर्चाची तारीख ठरवण्याआधी एक महिना मतदार यादी घेऊन फिरा. कुंभारीत कोण राहायला आले, कुणाचे नाव अजून शहरातल्या साखर पेठेत आहे, कुणाचे दोन्हीकडून गळाले आहे, कुणाला कोणत्या केंद्रावर जायचे आहे हे घरोघरी बसून लिहून घ्या. संध्याकाळी जा, बायका विड्या मोजून देऊन आल्यावर. त्या दिवशी मत मागू नका. पाणी किती दिवसांनी येते, हप्ता किती उरला आहे, बस किती वाजता सुटते ते विचारा आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन परत जा.